'मित्राची गोष्ट' वाचतोय. बापू कसा वाचायचा?

चंद्रभागा_पूल

नमस्कार मंडळी.

आमचा इंदूरचा छोटा वाचनगट आहे. सात-आठ जण, दर दुसऱ्या शनिवारी लोकमान्य नगरात एका काकूंच्या घरी मागच्या हॉलमध्ये बसतो. तिकीट नाही, माईक नाही. या वेळी विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' वाचायचं ठरलंय आणि माझ्या वाट्याला बापू आलाय.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, गाव पुणं, कॉलेजचे दिवस. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, बिनधास्त मुलगी. बापू बुजरा, तिच्यावर जीव टाकणारा. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाचं काम करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. नाटक संपतं, प्रेम संपत नाही. नमाला आधीपासून एक मित्र आहे, मन्या दळवी. सुमित्राने स्वतःबद्दल खरं सांगितलंय ते फक्त बापूला. दोघी भेटतात त्या बापूच्या खोलीवर. शेवटी मित्रा जीव देते, आणि ही सगळी गोष्ट आपल्याला सांगतो बापू.

व्हॉट्सॅपवर आमंत्रण करताना कुणीतरी 'एका प्रेमत्रिकोणाची कहाणी' असं लिहिलं. मित्रा, नमा, दळवी. बरोबरच आहे. पण चार तालमी झाल्यावर मला वाटायला लागलंय की नाटक त्या तिघांचं नाहीच. ज्याच्याकडे खोलीची किल्ली आहे त्याचं आहे.

माझी अडचण अशी. माझी प्रत झेरॉक्सची आहे, पोह्यांच्या हळदीचे डाग पडलेली. जिथे थांबायचं तिथे पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात. सुरुवातीचं निवेदन छान जातं. मित्रा आपलं गुपित सांगते तो प्रवेशही निभतो. पण बापू तिच्यापासून तुटतो ना, तिथे माझा आवाज चारही वेळा बसला. आमचे बसवणारे दादा म्हणतात, "सपाट वाच, बाकीचं नाटक करेल." मला सपाट वाचता येत नाहीये. रडकं वाचलं तर बापू स्वतःची कीव करणारा होतो, तेही नकोय.

कुणी हे काम केलंय का? पाहिलंय का? सांगा.

तिसरी_घंटा

बापू केलेला नाही, पण निवेदक असलेली नाटकं बरीच बसवली आहेत, म्हणून लिहितेय.

बापूला दोन वयं आहेत. निवेदन करणारा बापू मोठा झालेला आहे, त्याला शेवट माहीत आहे. प्रवेशातला बापू कॉलेजातला आहे, त्याला उद्याचंही माहीत नाही. तुमचा आवाज बसतो कारण तुम्ही प्रवेशातलं वाक्य मोठ्या बापूच्या तोंडून म्हणताय. तुटतो त्या क्षणी तो पोरगा घाबरलेला असतो, चिडलेला असतो, कंटाळलेलाही असतो. पश्चात्ताप अजून जन्मालाच आलेला नसतो. त्याला खरंच वाटत असतं की आता पुरे झालं. तसंच वाचा, थोडं घाईत. लोकांना जे वाटायचं ते त्यांना वाटू द्या.

बसण्याच्या जागाही दोन ठेवा. निवेदनाला कडेची खुर्ची, प्रवेशाला मधली. उठून जाण्यातला जो वेळ जातो तो तुमच्या पेन्सिलीच्या रेघांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मूळ प्रयोग १९८१ चा. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मित्रा रोहिणी हट्टंगडी. 'गांधी'मधल्या कस्तुरबा म्हणून त्या जगाला माहीत झाल्या त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही भूमिका. मी पाहिलेला नाही, माझा जन्म नंतरचा. पण तेव्हा आघाडीच्या नटीने हे काम स्वीकारणं म्हणजे काय, याचा विचार तुमच्याकडे मित्रा वाचणाऱ्या मुलीने जरूर करावा.

मल्हारगंजकर

इंदूरकरच आहे. वय ७१. बाबा डिके यांच्या नाट्यभारती या इथल्या संस्थेची नाटकं पाहत मोठा झालो, नाटकाला नाक मुरडणाऱ्यांतला नाही. 'सखाराम बाइंडर'वरून गदारोळ झाला तेव्हा मी तेंडुलकरांच्या बाजूने भांडलोय.

तरी एक विचारतो, राग मानू नका. घरातल्या हॉलमध्ये, शेजारीपाजारी, नातवंडं येऊन बसतात तिथे हे नाटक कशाला? विषयाला माझी हरकत नाही. सगळे म्हणून राहिले विषय धाडसी आहे, तो आता ४०-४५ वर्षं जुना झाला. माझी हरकत शेवटाला आहे. जी वेगळी ती मरते. समोर बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने यातून काय घेऊन घरी जायचं? मोठ्या थिएटरात माणूस अंधारात असतो, त्याला कुणी बघत नाही. हॉलमध्ये ट्यूबलाइट असते. तिच्या चेहऱ्याकडे सगळे बघणार.

कोरं_पान

मल्हारगंजकर काका, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण ट्यूबलाइटखाली बसणारी ती मुलगी मीच आहे असं समजा. वय २३, गाव इंदूरच.

मी हे नाटक कॉलेजला असताना वाचलं, एका रात्रीत. पहिल्या अर्ध्या भागात मला इतका आनंद झाला होता! पुस्तकाच्या पानावर माझ्यासारखी कुणीतरी मराठीत बोलत होती, तेही पुण्याच्या कॉलेजात, माझ्या आजीच्या तारुण्यातल्या काळात. मित्राकडे स्वतःसाठी शब्द नाही. माझ्याकडे 'समलिंगी' हा शब्द आहे, तोही मी आजवर घरात मोठ्याने उच्चारलेला नाही. मग शेवट आला आणि मी पुस्तक उलटं ठेवून दिलं. मला तिचा राग आला, तेंडुलकरांचा आला. मेलेलीच का सापडते दरवेळी?

तरीही नाटक वाचूच नका असं मी म्हणणार नाही. मला वाचायला मिळालं नसतं तर तो पहिला अर्धा भागही मिळाला नसता.

दोन सूचना करते. वाचनाआधी सरळ सांगा की यात आत्महत्या आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोठ्याने सांगा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आणि जमलं तर पुढच्या शनिवारी चेतन दातार यांचं 'एक माधवबाग' ठेवा. मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईचं एकपात्री आहे. त्यात कुणी मरत नाही, आई कोलमडते आणि मग हळूहळू उभी राहते. अभिनेत्री मोना आंबेगावकर त्याचं वाचन करत आल्या आहेत. ते वाचनासाठीच चांगलं आहे, नेपथ्य लागतच नाही.

विश्वामित्री

बडोद्याहून लिहितेय. पेशाने वकील, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. अशा चर्चेत कुणीतरी म्हणतंच की 'तेव्हा तो गुन्हा होता, म्हणून मित्रा मेली'. नाटकात पोलीस शोधून पाहा, सापडणार नाहीत. १८६० च्या दंड संहितेतल्या, 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ व्या कलमाची भाषाच अशी होती की दोन स्त्रियांना ते लागू करणं जवळपास अशक्य. ते पुरुषांच्या डोक्यावर टांगलेलं असायचं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं सोडवलं. मित्रावर जे चालून येतं ते कायद्याचं कलम नसतं. तिने नमाला लिहिलेली पत्रं असतात, दळवीच्या हाती लागलेली. त्या काळी मुलीच्या अक्षरातला कागद हेच मोठं हत्यार होतं. घर, कॉलेज, गाव यांना पुढचं काम करायला पोलीस लागत नव्हते. म्हणून २०१८ नंतर हे नाटक जुनं झालं असं मला वाटत नाही. आता कागदाच्या जागी स्क्रीनशॉट असतो. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांतल्या पोरींची भीती हीच असते.

दुसरी. शेवट गाळून वाचू असं कुणाच्या मनात आलं तर तसं करू नका. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर वाचलं तर कायदा आड येत नाही, तशी सूट आहे. पण संहितेची मोडतोड हा वेगळा विषय आहे. पूर्ण वाचा, नाहीतर दुसरं निवडा.

आणि त्रिकोणाबद्दल एक. आमच्या गुजरातेत राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. त्याआधी १९९१ मध्ये त्यांचं लग्न झालं होतं, तुमच्या इंदूरजवळच्या झाबुआच्या राजघराण्यात, आणि ते वर्षभरातच मोडलं. लपवण्याचा हिशोब मांडताना आपण लपवणाऱ्याचं दुःख धरतो. ज्या मुलीला काहीच न सांगता बोहल्यावर उभं केलं जातं, तीही त्या त्रिकोणाचा एक कोन असते.

सराफा_रात्री_दहा

बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घराघरातल्या बायका करायच्या, हे आपण कौतुकाने सांगतो. पुरुषाने स्त्री झालेलं मराठी रंगभूमीने डोक्यावर घेतलं. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे' नाटकात (१९७९) त्या परंपरेच्या तळाशी राहिलेल्या माणसाचं काय झालं ते दिसतं. पण स्त्रीने पुरुषाचा वेष घेतला आणि पडदा पडल्यावरही तिचं मन तिथेच राहिलं, हे आपल्या नाटकात फारसं आलेलं नाही. मित्राची सुरुवात पुरुषपात्राने होते, ही तेंडुलकरांची योजना मला फार महत्त्वाची वाटते. इतक्या वर्षांच्या स्त्रीपार्टी कौतुकाला त्यांनी उलटं करून आरसा दाखवलाय.

रामबाग_दुसरी_गल्ली

वरचा प्रतिसाद वाचला आणि आजवर कुठेच न लिहिलेलं लिहायला बसले. नावं घालत नाही.

माझ्या मावशीचा एक फोटो आमच्याकडे आहे. साठच्या दशकातला, गणपतीतल्या बायकांच्या नाटकातला. बायकांचं नाटक म्हणजे सगळी कामं बायकांचीच, पुरुषांचीही. मावशी नायक. काकांचं धोतर, आजोबांचा कोट, काजळाने काढलेली मिशी. एक बाजू घामाने थोडी पसरलीय. शेजारी नायिका उभी आहे, तिची नजर कॅमेऱ्याकडे नाही, त्या मिशीकडे आहे.

त्या दोघी पुढे एकत्र राहिल्या. दोघी शाळेत शिकवायच्या. दोन खोल्या, एक गच्ची, कुंड्यांत ओवा आणि कढीपत्ता. आम्ही पोरं उन्हाळ्यात तिकडेच. चष्म्याची डबी एक आणि त्यात दोन चष्मे कोंबलेले, हे मला पक्कं आठवतं, कारण नेहमी चुकीचा चष्मा आधी हाती यायचा आणि दोघी एकमेकींना ओरडायच्या. आम्ही दुसरीला ताई म्हणायचो. घरात सगळे म्हणायचे 'मैत्रिणी आहेत'. पुढे कुणी विचारायचं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता बापूबद्दल. माझे वडील आधी मावशीला बघायला आले होते. त्यांना ती फार आवडली होती, हे आई स्वतः सांगायची. मावशीने नाही म्हटलं. कारण तिने फक्त वडिलांना सांगितलं, दोघांत काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. मग दोन वर्षांनी त्यांचं माझ्या आईशी लग्न झालं. वडील जन्मात त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पण दर दिवाळीला फराळाचा एक डबा घेऊन ते स्वतः जायचे, दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर दोघींची नावं शाईच्या पेनाने. घरात कुणाचं लग्न निघालं की पत्रिकेची यादी आधी ते तपासायचे. मावशीच्या पत्रिकेवर ताईंचं नाव नसेल तर ती पत्रिका बाजूला काढून नवीन लिहायला लावायचे. एकदा माझ्या आत्याने विचारलं, 'त्या बाईंचा काय संबंध?' वडील म्हणाले, 'त्या घरच्या आहेत.' तेवढंच.

वडील २०११ मध्ये गेले. मावशी आजारी पडली ती त्यानंतर. शहरातल्या एका दवाखान्यात भरती करताना फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. ताईंनी 'मैत्रीण' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने कागद परत दिला, म्हणाला नातेवाईकाची सही लागेल. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी चांगल्या मनाने सुचवलं, "बहीण लिहून टाका, अडचण नको." ताईंनी 'मैत्रीण' खोडलं आणि 'बहीण' लिहिलं. त्या वेळी मी त्यांच्या शेजारी उभी होते. शाईचं पेन होतं, खोडलेलं पुसलं गेलं नाही, खालून वाचता येत होतं. मावशी गेली तेव्हा पेपरातल्या निवेदनात भाचे, पुतणे, सगळे होते. ताईंचं नाव मी घालायला सांगितलं नाही. सुचलंच नाही मला. वडील असते तर त्यांनी यादी तपासली असती.

ताई आहेत अजून. ८२ वर्षांच्या. 'मित्राची गोष्ट' त्यांच्या कपाटात आहे.

विश्वामित्री

रामबाग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

इतरांसाठी माहिती म्हणून लिहिते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्या खात्यासाठी एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. पुरेसं नाही, पण खिडकीवर दाखवायला एक कागद तरी आहे. मृत्युपत्र मात्र वेळेत करून ठेवा, नोंदणीकृत. ते कुणालाही करता येतं.

मल्हारगंजकर

रामबागताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

कोरं पान, बाळा, तुझंही वाचलं. ट्यूबलाइटचं मी लिहिलं ते तुला बघतील या काळजीने लिहिलं. पण तू म्हणतेस तेही खरं, वाचायला मिळालं नसतं तर पहिला अर्धा भागही गेला असता. माझी हरकत मी मागे घेतो. नंबर मात्र सुरुवातीलाही सांगा आणि शेवटीही.

चंद्रभागा_पूल

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी_घंटा, दोन खुर्च्यांची युक्ती कालच्या तालमीत करून पाहिली. उठून मधल्या खुर्चीत जाईपर्यंतच्या चार पावलांत मला कळलं की माझा आवाज का बसत होता. तुम्ही सांगितलेलं कारण अर्धं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितो, नाहीतर शनिवारी पुन्हा तेच होईल.

१९८८ साल. जुन्या इंदुरात मी एक खोली घेऊन राहत होतो. कॉलेजातला एक मित्र देवासचा, रोज बसने जा-ये करायचा. एका संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ पायऱ्यांवर बसून त्याने मला सांगितलं. त्याचं ज्याच्यावर प्रेम होतं तो मुलगाही आमच्याच ओळखीचा, आणि त्याची सुपारी फुटलेली. मी किल्ली दिली. कुणी सांगितलं नव्हतं, मला बापू तेव्हा माहीतही नव्हता. बुधवारी आणि शनिवारी मी सराफ्यात फिरत बसायचो आणि नऊ वाजता परत यायचो.

तीन-चार महिन्यांनी घरमालकांनी विचारलं, ती दोन पोरं कोण, काय चाललंय. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही." किल्ली परत मागितली. मित्राला कारण सांगितलं नाही. कॉलेजात तो समोरून आला की मी वळून दुसऱ्या जिन्याने जायचो. सहा महिन्यांत त्याने कॉलेज सोडलं. दुसऱ्याचं लग्न झालं, मी पंगतीत वाढायला होतो.

इतकी वर्षं मला या गोष्टीचा अभिमान होता की मी कुणापाशी बोललो नाही. गुपित राखलं. रामबाग यांनी फराळाच्या डब्याचं लिहिलं ते वाचून मी वहीत लिहिलं, 'गुपित राखलं, माणूस सोडला.' बापू तेच करतो. त्याने दगा दिलेला नाही, चुगली केलेली नाही. तो फक्त दुसऱ्या जिन्याने गेला. आता ते वाक्य मला घाईत वाचता येतं, कारण मीही घाईतच होतो.

तो मित्र आहे की नाही, कुठे आहे, माहीत नाही. देवासला जाऊन विचारणार आहे. जुना पत्ता आठवतो, टेकडीच्या रस्त्याला.

कोरं पान, पुढच्या शनिवारी 'एक माधवबाग' पक्कं. आई वाचायला काकू तयार आहेत. मित्रा कोण वाचतंय असं तिसरी_घंटा यांनी विचारलं नाही, पण सांगतो. जी मुलगी वाचणार होती तिच्या घरून नको म्हणाले. जागा रिकामी आहे. तुला यायचं असेल तर ये, नुसतं ऐकायला आलीस तरी ये.

कोरं_पान

रविवारी तालमीला येते. आधी नमा वाचून बघू का? मित्रा लगेच नको.

रामबाग_दुसरी_गल्ली

ताईंना सांगितलं. आधी गप्प बसल्या, मग कपाटातून प्रत काढून म्हणाल्या, "किती वाजता?" रात्रीचं त्यांना दिसत नाही, म्हणून पाचला सुरू करता येईल का? आणि हाताची खुर्ची लागेल, त्यावर रेटून उठतात.

चंद्रभागा_पूल

पाचलाच सुरू करू. काकूंशी बोललो. ताईंना कोणत्या कानाने नीट ऐकू येतं तेवढं कळवा, निवेदनाची खुर्ची त्या बाजूला ठेवतो.

रामबाग_दुसरी_गल्ली

उजव्या.

मल्हारगंजकर

हाताच्या खुर्च्या आमच्याकडे दोन आहेत, सागवानी, मजबूत. शुक्रवारी रिक्षात घालून आणून ठेवतो. घर नंबर कळवा.